गावाचा इतिहास जपायचाय? आधी वही घ्या, कपाट मागाहून

गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईकर गावी आले की कुठल्या ना कुठल्या खळ्यात (घरापुढच्या अंगणात) विषय निघतोच. गावातलं जुनं सगळं चाललंय, एखादं मंडळ काढू, छोटंसं संग्रहालय करू. अध्यक्ष तिथल्या तिथे ठरतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होतो, आणि पुढच्या शिमग्यापर्यंत त्या ग्रुपवर सुप्रभातचे फोटो तेवढे उरतात.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: सुरुवात वस्तूंपासून होते. जुने पाटे, समया, कंदील गोळा करून ठेवायचे कुठे, त्यांची जबाबदारी कोणाची, यावर गाडी अडते. सिंधुदुर्गात आमचं वाडीपुरतं एक मंडळ आहे आणि आम्ही वस्तूंना हात न लावता नोंदींपासून सुरुवात केली. वस्तू ज्याच्या घरी आहे त्याच्याच घरी राहू द्या, तिची नोंद, माप, फोटो आणि गोष्ट तेवढी घ्या. नव्याने असं काम करू पाहणाऱ्यांसाठी ते कसं करायचं, हे पुढे लिहिलंय.

पहिलं काम: माणसं जमवा, पदं वाटू नका

पाच-सहा जण पुरे. देवळाचा गुरव किंवा एखादा मानकरी, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी किंवा बाई, जुन्या घरांची लाकूडकामं केलेला सुतार, आणि चांगला फोन असलेली दोन तरुण पोरं. पोस्टमन मिळाला तर सोडू नका, गावातलं प्रत्येक घर त्याला नावानिशी ठाऊक असतं.

मात्र ही माणसं एकाच वाडीची नकोत. गावाचा इतिहास म्हणजे ग्रामदेवतेच्या देवळाचा इतिहास, एवढाच अर्थ लावला की निम्मा गाव बैठकीला फिरकत नाही. गाबीतवाडीतली रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), मोहल्ल्यातली जुनी मशीद आणि तिच्या कबरस्तानातले दगड, बौद्धवाडीतल्या पहिल्या शिकलेल्या माणसाची हकीकत, ख्रिस्ती वाडीतला क्रूस, धनगरवाड्याकडे जाणारी घाटी, हे सगळं त्याच वहीत यायला हवं. पहिली बैठक प्रत्येक वाडीत वेगळी घ्या. जेवणाचा बेत ठेवू नका, चहा पुरे. जेवण ठेवलं की चर्चा जेवणाचीच होते.

दुसरं: पायी फेरी

दिवाळीनंतर भात घरात आलं की फेरी सुरू करा. पावसाळ्यात गवत आणि शेवाळ यांखाली काही दिसत नाही. एका सुट्टीत एकच वाडी. सोबत वही, मोजपट्टी, फोन आणि त्या वाडीतलं एक म्हातारं माणूस.

काय नोंदवायचं? डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टी सगळ्यांनाच दिसतात. नोंदवायच्या त्या रोजच्या पायाखालच्या. जांभ्याची पाखाडी (पायऱ्यांची वाट), वहाळावरचा दगडी साकव, घोडेबाव (पायऱ्यांची विहीर), रस्त्याकडेचा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड), मांड (गाव जमायची ठरलेली जागा), होळीचा खुंट, जुना मांगर, नळ्याच्या कौलांचं उरलंसुरलं छप्पर, देवरहाटीतले (देवाच्या राखीव रानातले) मोठे वृक्ष, आणि ज्यांना आता कोणी नावाने हाक मारत नाही ती शेतांची, टेंबांची, पाणंदींची नावं. पाखाडीवर काँक्रीट ओतायला ठेकेदाराला एक दिवस पुरतो, आणि ती कुठून कुठे जात होती हे विसरायला गावाला दहा वर्षं.

प्रत्येक नोंदीला एक पान द्या. वर क्रमांक आणि तारीख. मग ठिकाण, लांबी-रुंदी-उंची, कशाचं बनलंय, सध्या कसं आहे, मालक कोण, माहिती कोणी सांगितली. फोटो काढताना वस्तूशेजारी मोजपट्टी किंवा निदान पेन ठेवा, नाहीतर वीरगळ वीतभर होता की पुरुषभर, हे पुढे फोटोवरून कळत नाही. चारही बाजूंनी फोटो घ्या, आणि एक दुरून, आजूबाजूचं झाड-घर दिसेल असा. फोनमधलं लोकेशन चालू ठेवा.

झिजलेली अक्षरं वाचायची एक साधी युक्ती आहे. खडू, पीठ, गुलाल काहीही अक्षरांत भरू नका. रात्री जा, मोठा टॉर्च दगडाच्या अगदी कडेला धरून उजेड तिरपा पाडा. दिवसा सपाट दिसणाऱ्या दगडावर ओळी उठून दिसतात. टॉर्च उजवीकडून, डावीकडून, वरून धरून प्रत्येक वेळी वेगळा फोटो घ्या, कारण एका बाजूने दिसलेली वेलांटी दुसऱ्या बाजूने नाहीशी होते. तुळईवर, समईवर, घंटेवर आकडा दिसला तर तो बहुधा शके असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतं (वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांतली तिथी असेल तर ७९). म्हणजे तुळईवर शके १८०२ असेल तर घर साधारण १८८० चं. देवळातली घंटा मात्र खाली उभं राहून नीट बघा. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या बऱ्याच देवळांत गेल्या, आणि तुमच्या घंटेच्या काठावर क्रूस किंवा रोमन अक्षरं असतील तर शके शोधत बसण्यात अर्थ नाही.

गाढवाचं चित्र असलेला दगड दिसला तर लाजून बाजूला ठेवू नका. दान मोडणाऱ्याला दिलेल्या शिवीचं ते चित्र असतं, त्याला गद्धेगाळ म्हणतात, आणि त्यावर बऱ्याचदा लेख असतो. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख, जो शके ९३४ म्हणजे १०१२ चा आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो, तो असाच गद्धेगाळ. कित्येक वर्षं तो रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता.

सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची, फेरी वेगळी ठेवा. कातळशिल्पं (कातळात कोरलेली प्राचीन चित्रं) बघायला मार्च-एप्रिल बरा, गवत वाळून गेलेलं असतं. सकाळी सातच्या सुमारास किंवा उन्हं कलल्यावर जा, दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात रेघा दिसत नाहीत. रत्नागिरीत निसर्गयात्री संस्थेच्या मंडळींनी सडेच्या सडे पालथे घालून शेकडो चित्रांची नोंद केली. त्याच्या जोरावर २०२२ मध्ये कशेळी, उक्षी, जांभरुण, रुंध्ये तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि आपल्या मालवण तालुक्यातलं कुडोपी ही ठिकाणं, गोव्यातल्या फणसमाळसकट, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. तुमच्या सड्यावर काही दिसलं तर रेघांत चुना, रंग, खडू भरू नका, नारळाच्या झाडूने माती झाडा आणि थांबा. जवळ चिरेखाण (जांभ्याची खाण) असेल तर तिचं अंतर मोजून त्याच पानावर लिहा, पुढे अर्ज करायची वेळ आली तर तोच आकडा कामाला येतो.

तिसरं: म्हाताऱ्यांशी बोलणं

हे काम पहिल्या नंबरावर हवं होतं, कारण दगड वाट बघतो, माणूस बघत नाही. पण फेरी केल्याशिवाय काय विचारायचं हे कळत नाही, म्हणून तिसऱ्यावर आलं.

"आजी, गावाचा इतिहास सांगा," असं विचारलंत तर उत्तर एकच: "माका काय म्हायत?" आणि त्यात खोटं काही नाही, इतिहास हा शब्द त्यांच्यासाठी शाळेतला आहे. त्याऐवजी फेरीतला फोटो पुढे करा. "ह्या बावीवर पाणी कोण भरायचं?" मग बघा. कोणाला भरू देत नसत, कोणाची कळशी फुटली, लग्नाच्या आदल्या दिवशी तिथे काय करत, सगळं बाहेर येतं. मध्येच तुम्ही ज्ञान पाजळू नका. आजी चुकीचं साल सांगतील, सांगू द्या.

साल तुम्ही मागाहून लावा. त्यासाठी कोकणात ठाशीव खुणा आहेत. 'रामदास' बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला. खोती (खोतामार्फत सारा वसूल करायची पद्धत) रद्द करणारा कायदा १९४९ चा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, त्याचे हादरे इथे सगळ्यांना आठवतात. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ ला. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली जानेवारी १९९८ मध्ये. रायगडात असाल तर ३ जून २०२० चं निसर्ग वादळ. "भूकंपाच्या आधी की मागाहून?" असं विचारलं की म्हातारी माणसं क्षणात सांगतात. "कितव्या साली?" विचारलं की गोंधळतात.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारा, आणि विचारल्याचंही रेकॉर्ड होऊ द्या. घरातला पंखा बंद करा, कोंबड्यांना खळ्याबाहेर हाकला. पंख्याची घरघर ऐकताना जाणवत नाही, पण नंतर उतरवून काढणाऱ्याचा जीव घेते. एका बैठकीला पाऊण तास पुरे.

एक गोष्ट विसरू नका: गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाला घातलेलं साकडं. देवळात, मांडावर, राखणीला, वेगवेगळ्या प्रसंगी घातलेली गाऱ्हाणी पूर्ण रेकॉर्ड करा. आपण मागे उभे राहून नुसतं "व्हय म्हाराजा" म्हणतो आणि घरी जातो. पण मानकरी त्यात कोणाकोणाला हाक मारतात ते कान देऊन ऐका: वेशीवरचा देव, वहाळावरचा, पूर्वस, देवचार, आकारी, ज्यांचं ठिकाण आता झुडपांत गेलंय तेसुद्धा. गावाच्या हद्दीचा तोंडी नकाशा तिथे आहे. आम्ही गाऱ्हाण्यातली ठिकाणं एकेक करून कागदावर उतरवली आणि मग ती शोधत फिरलो. ज्या ठिकाणांची नावं फक्त एकाच मानकऱ्याला ठाऊक होती, ती दाखवायला त्यांनाच हाताला धरून नेलं.

मानपानाच्या बाबतीत मात्र सांभाळून. पालखी पहिली कोणाच्या घरी, ओटी पहिली कोणाची, यावर कोकणात कोर्टकचेऱ्या झाल्यात आणि चालू आहेत. वहीत "पहिला मान अमक्यांचा" असं लिहू नका. "अमुक घराणं असं सांगतं, तमुक घराणं असं सांगतं" असं दोन्ही लिहा. तुमची वही उद्या कोणाच्या वकिलाच्या हातात गेली तर मंडळ संपलं म्हणून समजा.

चौथं: कागद

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत काय असतं? वाटणीपत्रं, गहाणखतं, खोतीच्या पावत्या, पत्रं, पंचांगं, कुठेतरी एखाद्या दुकानाची उधारीची वही. महाराजांचं पत्र सापडेल अशी सगळ्यांनाच आशा असते. माझं मत विचाराल तर उधारीची वही जास्त मोलाची. तांदूळ काय भावाने होता, कोण कोणाचं देणं लागत होता, कुठली घरं तेव्हा होती आणि आता नाहीत, हे महाराजांच्या पत्रातून कळणार नाही.

पेटी पावसाळ्यात उघडू नका. आपल्याकडच्या दमट हवेत चिकटलेले कागद सोडवायला गेलात तर फाटतात. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत, सावलीत, पडवीत चादर पसरून उघडा. उन्हात नाही. मऊ ब्रशने धूळ आणि कसर झाडा. फाटका कागद चिकटपट्टीने जोडू नका, ती पिवळी पडून अक्षरं घेऊन निघते. आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. गावोगावी लोक प्रेमापोटी आजोबांचं सनद-खत लॅमिनेट करून आणतात, पण एकदा प्लास्टिक चिकटलं की ते काढताना कागद हाती लागत नाही.

फोटो काढायला महागडा स्कॅनर लागत नाही. दिवसाउजेडी, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर, चारही कडा दिसतील असा. मागच्या बाजूचाही घ्या, शेरे आणि तारखा बऱ्याचदा मागे असतात. मग कागद धुतलेल्या मांजरपाटाच्या रुमालात बांधून, पूर्वी दप्तर बांधत तसा, पेटीत परत. पेटी जमिनीवर नको, विटांवर किंवा फळीवर ठेवा, वाळवी जमिनीतून येते. पेटी मालकाकडेच राहील. तुमच्याकडे फोटो.

फोटोंच्या तीन प्रती हव्यात आणि त्यातली एक गावाबाहेर. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथांचं अतोनात नुकसान झालं, आणि ते वाचन मंदिर १८६४ पासूनचं. एक प्रत गावात, एक मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडे हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन, एवढं जमतं.

बरेच कागद मोडीत निघतील. घाबरू नका आणि लगेच वाचायलाही बसू नका. आधी नुसते तारखेने लावा. मंडळातल्या एकाने तरी मोडी शिकावी, पुराभिलेख संचालनालयाकडून आणि इतर संस्थांकडून वर्ग होत असतात. छापील मोडी थोड्या दिवसांत वाचता येते, कारकुनाची पळती मोडी मात्र सरावाने. आणखी एक लक्षात ठेवा: मालवण, देवगड, वेंगुर्ला हे ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात, तर सावंतवाडी-कुडाळ सावंतवाडी संस्थानात. नदीच्या अलीकडचं आणि पलीकडचं गाव वेगळ्या राज्यात असू शकतं, आणि मग शिक्के, कचेऱ्या, पदांची नावंही वेगळी. पार्श्वभूमीसाठी १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर वाचा, पण साहेबाच्या नजरेतून लिहिलंय हे ध्यानात ठेवून.

शाळेचं जुनं जनरल रजिस्टर आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरांच्या कर आकारणीची नोंदवही) या दोन गोष्टी बघायला परवानगी मागा. लेखी अर्ज द्या, तोंडी विचारलं की नाही म्हणणं सोपं जातं.

पाचवं: जीर्णोद्धाराच्या आधी पोचणं

कोकणातला वारसा वैऱ्यांनी बुडवला नाही, बहुतेक भक्तांनीच बुडवला. जांभ्याचं जोतं, फणसाचे कोरीव खांब, कौलारू सभामंडप असलेलं देऊळ पाडून तिथे स्लॅब, संगमरवरी फरशी आणि गुलाबी कळस. वर्गणी मुंबईहून येते, मनापासून येते, म्हणून तिला विरोध करणारा गावात वाईट ठरतो.

म्हणून विरोध करू नका, वेळेआधी पोचा. एकदा देवाचा कौल घेतला, पावतीपुस्तकं छापली, की तुमचं कोणी ऐकणार नाही. त्याआधी देवस्थान समितीला भेटा आणि मूळ तक्रार काय ते विचारा. दहातल्या नऊ वेळा तक्रार एकच असते: गळतंय. गळतीला स्लॅब लागत नाही. सुताराला वर चढवा, कुठले वासे आणि रिपा कुजल्यात ते मोजा, कौलं किती फुटलीत ते मोजा, आणि दुरुस्तीचा अंदाज कागदावर मांडून समितीपुढे ठेवा. भावनेच्या भाषणापेक्षा हा कागद जास्त बोलतो, विशेषतः नव्या बांधकामाच्या अंदाजाशेजारी ठेवला तर.

भिंतीला गिलावा करायचा असेल तर सिमेंटऐवजी चुना सुचवा. जांभा सच्छिद्र, पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटचा थर दिला की ओल आत कोंडते, क्षार साचतात, आणि काही पावसाळ्यांत गिलावा दगडाचा पापुद्रा घेऊन गळून पडतो. दीपमाळेला ऑइलपेंट देण्याचंही तेच. आधीच दिला असेल तर मात्र लोखंडी ब्रशने खरवडू नका, आहे तसा राहू द्या आणि पुढच्या वर्षी दुसरा हात देऊ नका.

आणि पाडायचंच ठरलं, तर? मग भांडण थांबवा आणि एक आठवडा मागून घ्या. प्रत्येक खांब, प्रत्येक कोरीव पट्टी, गाभाऱ्याचं माप, जमिनीचा आराखडा, सगळं नोंदवा. कोरलेलं लाकूड जळणात जाऊ देऊ नका. झिजलेल्या मूर्ती नदीत सोडण्याऐवजी देवळाच्या आवारात छपराखाली मांडायची विनंती करा. ही विनंती सहसा मान्य होते, नदीत सोडायला कोणाचंच मन घेत नसतं.

सहावं: कायद्याचं थोडं

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्प, नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, हस्तलिखिताला ७५ वर्षं. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. जमिनीत धन सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, तहसीलदारांमार्फत कळवा. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढे २०० मीटर परवानगी लागते. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेत, तिथल्या शेजारगावांनी हे आधीच वाचून ठेवावं.

मौल्यवान वस्तूंची नोंद घ्या, पण फोटो आणि ठिकाण ग्रुपवर टाकू नका. दिवेआगरला १९९७ साली सुपारीच्या वाडीत सुवर्णगणेश सापडला, २०१२ मध्ये दरोडा पडला आणि दरोडेखोरांनी तो वितळवला. वहीचं ते पान वेगळं ठेवा.

सातवं: नोंदणी

पहिलं वर्ष नोंदणीशिवाय काढा. मग सात सभासद असतील तर संस्था नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून द्यायचा, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. हे करणारा एक चिकाटीचा माणूस नसेल तर नोंदणीची घाई नको. त्याऐवजी ग्रामसभेत ठराव करून घ्या की गावाच्या नोंदवहीची एक प्रत पंचायतीत राहील.

आणि संग्रहालय?

ते खोलीत सुरू करू नका. गणपतीत, गाव भरलेलं असतं तेव्हा, शाळेच्या व्हरांड्यात सुंभाची दोरी बांधून नोंदींचे फोटो लावा. प्रत्येक फोटोखाली तुमचा मजकूर आणि त्याखाली कोरी जागा ठेवा. शेजारी दोऱ्याला पेन्सिल बांधून ठेवा, पेन नको, पावसाचा शिडकावा आला की शाई पसरते. लोक येतील, फोटोतली माणसं ओळखतील, तुमचं लिहिलेलं खोडतील, "ही बाव आमच्या खापरपणज्याने बांधली" म्हणून भांडतील. रोज संध्याकाळी दिवेलागणीआधी ते कागद उतरवा आणि त्यावर आलेलं सगळं, खोडलेलंसुद्धा, कोणी लिहिलं त्याच्या नावासकट, वहीत त्या-त्या पानावर चढवा.